फक्त परदेशात विक्रीसाठी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. अंगावर अकरा ओरखडे, डबीला एक तडा आणि पाठीवर चिकटवलेली पट्टी: 'फक्त परदेशात विक्रीसाठी'. कीव करायची असेल तर दुसरी वस्तू बघा. मला ती मानवत नाही.

माझ्यात दहा गाणी आहेत. ती जिनं गायली तिला सगळा देश छकुली म्हणायचा. तेराव्या वर्षी तिनं फुग्याचं एक गाणं गायलं आणि घरोघरी तेच वाजू लागलं. पुढे छकुली चोवीस वर्षांची झाली, हे फक्त तिच्या घरच्यांच्या आणि रेकॉर्डिंगवाल्या काकांच्या लक्षात आलं. आवाज खाली उतरून भरदार झाला होता. गाणी तिनं स्वतः लिहिली. पंख्याची घरघर माइकमध्ये जाते म्हणून पंखा बंद करून, घामानं निथळत, कोंदट खोलीत तिनं ती गायली. सातवं गाणं एका दमात झालं. काका काचेपलीकडे डोळे पुसत होते. विचारलं तर म्हणाले, घाम आहे.

कंपनीच्या मोठ्या साहेबांनी दीड गाणं ऐकलं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्यांचा चहा संपला आणि त्याबरोबर उत्साहही. लोकांना मोठी छकुली नको आहे, म्हणाले. पण अल्बम काढण्याचा करार झालेला. मग साहेबांनी सापही मारला आणि काठीही वाचवली. मला अशा तीन देशांत धाडलं, जिथे तिला कुत्रंही ओळखत नव्हतं. त्यात नवा फोटो काढायचा कंटाळा. म्हणून कव्हरवर तीच तेरा वर्षांची पोर, दोन वेण्या, हातात फुगा.

साहजिकच परक्या दुकानदारानं मला बालगीतांच्या फळीवर बसवलं. एका इस्त्रीवालीनं लेकीच्या वाढदिवसाला मला घरी नेलं. लेकीनं पहिलंच गाणं ऐकून नाक मुरडलं. आईनं मात्र मला आपल्या इस्त्रीच्या दुकानात नेलं. आमच्या भाषेचं एक अक्षर तिला कळत नव्हतं, तरी वाफेनं भरलेल्या त्या दुकानात मी अठरा वर्षं वाजले. कॉलर पहिल्या गाण्याला, बाह्या नेमक्या सातव्याला. सातव्यात एका ओरखड्याशी मी अडायची. ती यंत्राला टपली मारायची, मी पुढे सरकायची. साहेबांचं दीड गाणं एका पारड्यात टाका, तिची अठरा वर्षं दुसऱ्यात, आणि काटा बघा.

म्हातारपणी दुकान बंद करताना तिनं मला डबीवर छापलेल्या पत्त्यावर परत पाठवलं. आमची भाषा जाणणाऱ्या कुणाकडून सोबत चिठ्ठीही लिहून घेतली. कंपनीत ते पाकीट कुणी फोडलं नाही. निवृत्तीला आठवडा उरलेला असताना काकांना ते टपालाच्या ढिगात दिसलं. त्यांनी ते थेट छकुलीच्या घरी आणलं.

छकुली आता सत्तेचाळीस वर्षांची, शाळेत गाणं शिकवणारी. पलंगावर दोन खोट्या वेण्या ठेवलेल्या होत्या. त्या रविवारी दुपारी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता आणि आयोजकानं फुगा, वेण्या आणि हसू, तिन्ही मागितली होती. तिनं हो म्हटलं होतं, कारण वीस वर्षांत तिला स्टेजवर कुणी बोलावलंच नव्हतं.

तिच्या थोरल्या बहिणीनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "ही बाई कोण, मला ठाऊक नाही. पण तिच्या सातव्या गाण्याला माझ्या बाह्या सरळ होतात. कव्हरवरची मुलगी तिची लेक का?"

छकुलीनं कव्हरवरच्या फुग्यावरून अंगठा फिरवला. मग तिनं वेण्या उचलून बहिणीच्या मांडीवर ठेवल्या.

"अगं, पुन्हा बोलावणार नाहीत हं," बहीण म्हणाली.

"आत्तापर्यंत तरी कुठे बोलावत होते, ताई?"

रविवारी वादकांनी फुग्याचीच तालीम केलेली होती. म्हणून काकांनी प्लेअर लावला, मला आत सरकवलं आणि सातवं गाणं सुरू केलं. माझ्यातल्या चोवीस वर्षांच्या आवाजावर तिचा सत्तेचाळीसचा आवाज चढला. आयोजक पडद्याआडून खरोखरीचा फुगा हलवून दाखवत होता. दोन ओळींच्या मधे ती माइकवरच त्याला म्हणाली, "फुगा तेरा वर्षांच्या मुलीचा आहे, भाऊ. ती आज आलेली नाही."

आणि मी अडले. तोच ओरखडा, तेच अक्षर, पुन्हा पुन्हा. काका टपली मारायला धावले. तिनं तळहात दाखवून त्यांना थांबवलं, मला बंद करायला लावलं आणि उरलेलं गाणं वाद्यांवाचून एकटीनं म्हटलं. मागच्या रांगेतले सात जण उठून गेले. मी मोजले. बाकीचे हलले नाहीत. टाळ्या फुग्याला पडतात तितक्या पडल्या नाहीत, हेही लिहून ठेवा. पण एका बाईनं उभं राहून विचारलं, हे गाणं मिळतं कुठे?

"इथंच," छकुली म्हणाली. "शनिवारी शाळेत या. दहाच्या दहा म्हणते."

घरी आल्यावर ताई माझी पट्टी नखानं खरवडू लागली. छकुलीनं तिला थांबवलं. राहू दे, म्हणाली, कंपनीवाल्यांनीच लिहिलेलं आहे, त्यांनाच वाचू दे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून ठेवा, असं सांगून निरोप घ्यायची आमच्यात रीत आहे. मी तसं सांगणार नाही. जपून ठेवलेल्या माझ्या बहिणी फळीवर धूळ खात बसल्या, एकीचाही आवाज कुणी ऐकला नाही. तेव्हा मला वाजवा. बाराव्या ओरखड्याला माझ्या अंगावर अजून जागा आहे.