बंडूची म्होरकी

श्यामने बंडूच्या नाकावरून पट्टा सरकवला, मानेमागे बक्कल लावलं, आणि बंडूने जमिनीवर लोळण घेत दोन्ही पंजांनी तोंड खरवडायला सुरुवात केली. वीणाताईंना ते बघवेना. श्याम या जनावरांच्या दवाखान्यातला जुना कंपाउंडर. त्याने शांतपणे पट्टा काढून त्यांच्या हातात दिला.

"मैडम, ये मुँह की जाली नहीं है. खाएगा, पिएगा, भौंकेगा भी. बस, खींचेगा तो मुँह घूम जाएगा. आप झटका कभी मत देना."

याला हेड कॉलर म्हणतात, घाई न करता हळूहळू सवय लावा, असंही त्याने सांगितलं.

बंडू हा चौतीस किलोचा लॅब्रेडॉर, वीणाताईंच्या यजमानांचा लाडका. तो जीव खाऊन ओढायचा आणि सहा फुटी शशिकांतराव हसत हसत त्याच्यामागे जायचे. जानेवारीत ते हार्ट अटॅकने गेले आणि साखळी वीणाताईंच्या हातात आली. फेब्रुवारीच्या शेवटी मांजर दिसल्यावर बंडूने अशी धाव घेतली, की दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या रस्त्यावर वीणाताई तोंडावर आपटल्या. हनुवटीला तीन टाके पडले, उजवं मनगट मुरगळलं.

मुलगा विश्वास त्याच संध्याकाळी नोएडाहून आला. पानिपतला त्याच्या ओळखीच्या माणसाचं चादरींचं गोदाम होतं, राखणीला कुत्रा हवाच होता. "आई, जरा प्रॅक्टिकल हो," तो म्हणाला. गोदामातलं कुत्रं दिवसभर साखळीला असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. वीणाताईंनी दोन आठवडे मागून घेतले आणि बंडूला घेऊन श्यामचा दवाखाना गाठला. त्यानंतरच्या रविवारी तो बंडूला न्यायला येणार होता.

मंत्रालयातल्या सेक्शनमध्ये तीस वर्षं फायली वाचलेल्या बाईला चिकाटी शिकवावी लागत नाही. पहिले दोन दिवस त्यांनी पट्टा नुसता समोर धरला. बंडूने आपणहून त्यात नाक घातलं की चीजचा तुकडा. मग पाच मिनिटं घरातल्या घरात, मग जिन्यापर्यंत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तोंडावरचा पट्टा पाहून विचारलं, काटने लगा क्या?

"नहीं जी," वीणाताई म्हणाल्या. "मैं गिर जाती हूँ."

आठव्या दिवशी त्या रस्त्यावर आल्या. दोर बंडूच्या हनुवटीखाली, पट्ट्याच्या कडीत अडकवलेला होता. बंडूने सवयीने हिसका दिला, तशी त्याची मान वळली आणि तो गोंधळून थेट त्यांच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. इतके दिवस त्यांना रस्त्यावर त्याची फक्त पाठ दिसायची. त्या थांबल्या. दोर सैल झाला, मग दोघं पुन्हा चालू लागले.

रविवारी विश्वास सकाळीच गाडी घेऊन आला. वाद घालायच्या तयारीनेच आला होता. वीणाताईंनी त्याला फिरायला सोबत घेतलं.

"हे तोंडाला काय बांधलंयस?"

"म्होरकी."

"म्हणजे?"

दिल्लीत वाढलेल्या मुलाला तो शब्द कुठून माहीत असणार! वीणाताईंनी त्याला आजोळच्या खोंडाची गोष्ट सांगितली. त्याच्या तोंडाला दोरीची म्होरकी असायची आणि सात वर्षांची वीणा त्याला ओढ्यावर पाणी पाजायला न्यायची.

विश्वासने तिच्या हातातल्या सैल दोराकडे पाहिलं. "आज ठीक आहे यार आई. पण रोज जमेल तुला?"

"पडले तेव्हा मी याला फार बोलले रे. राग खरा तुझ्या बाबांचा आला होता. असे न सांगता निघून गेले."



मार्केट संपतं तिथे बंडू न ओढता डावीकडे वळला. वीणाताईंनी त्याला वळू दिलं. निंबाखाली चहाची टपरी होती. म्हाताऱ्या चहावाल्याने बंडूला पाहिलं आणि बरणीतून टोस्ट काढून त्याच्यापुढे धरला.

"साहब की तबीयत ठीक नहीं? दो महीने से दिखे नहीं."

वीणाताईंनी ही बातमी ऑफिसात सांगितली होती, फोनवर नातेवाइकांना सांगितली होती. इथे मात्र त्यांनी आधी दोराचा एक वेढा हाताला घेतला.

"भैया, साहब जनवरी में गुज़र गए."

 चहावाल्याने खांद्यावरच्या फडक्याने एक स्टूल पुसलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. विश्वास पानिपतला फोन लावत बाजूला गेला. "नहीं जी, नहीं दे रहे," एवढंच वीणाताईंना ऐकू आलं.

"साहब फीकी पीते थे," चहावाला हलकेच म्हणाला. "आपको?"

वीणाताईंना दोन चमचे साखर लागायची.

"फीकी ही दे दो," त्या म्हणाल्या.

बंडू पायाशी पसरला होता. दोर मांडीवर सैल पडलेला होता. ग्लास दोन्ही हातांत धरून त्यांनी तो बिनसाखरेचा चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत संपवला.