शिवानीसाठी घातलेली इर्जिक

फोन वाजला की आमची वैष्णवी ताटावरून उठायची. भाकरी गार, कालवण गार, आन् माझं डोस्कं गरम! फोन शिवानीचा, वरच्या आळीच्या मैत्रिणीचा. पोरीला डिप्रेशन आलंय, डाक्टरच्या गोळ्या चालू हाईत. वाईट वाटतंय हो, का न्हाई वाटणार? पण माझ्या पोरीनं खायचंच न्हाई?

एक दिवस म्या फोनच काढून घेतला. तशी रडायला लागली. "आई, म्या उचलला न्हाई आन् तिनं जिवाचं काय करून घेतलं तर?"

माझा आवाज खाली आला. "अगं बाय माजे, भातलावणीला आपण इर्जिक घालतो. सारी आळी वावरात उतरती. आन् ह्ये एवढं रान तू एकटी लावाय निघालीस व्हय?"

"तिनं कुणाला सांगू नको म्हटलंय."

"जिवाची गोष्ट झाकायची नसती. चल."

शिवानीच्या आईला, साधनाताईला, समदं सांगितलं. शिवानी आधी फुगली, मग "बरं" म्हणाली. ठरलं असं, की डाक्टरचं आन् रातचं आई बघंल, दुपारी म्या जाईन, आन् वेल्ह्याकडं शेरडं राखणारा माझा भाऊ गेनबा सकाळी फोन करंल.

पण इर्जिकीत कमी पडायचं नसतं, हे आमच्या हाडातच हाय. म्या रोज आंबील घेऊन हजर. गेनबा सकाळ, दुपार, संध्याकाळ! "पोरी, जेवलीस का? थांब, काळी शेळी काय म्हणती ऐक," म्हणायचा आन् फोन शेळीपुढं धरायचा. वैष्णवीचं ताटावरून उठणं मात्र चालूच.

चार दिवसांनी आमी जेवायला बसलो आन् शिवानी सोता दारात.

"रत्नाकाकू, गेनबामामांना सांगा, दिवसातनं एकदाच फोन करा. त्यांची माया कळती हो, पण मला जरा दम घेऊ द्या."

वैष्णवीनं मान खाली घातली. "शिवे, मला पण तुला ह्येच सांगायचं हुतं. लई दिस झालं."

झालं, आता तुटतंय, म्हटलं. शिवानीचं डोळं भरलं. "मग सांगितलं का न्हाईस, येडे?"

"तू रुसशील म्हणून."

"रुसले असते. पण तुझी हाडं तरी दिसली नसती." शिवानी तिच्याजवळ बसली. "संध्याकाळी अभ्यास झाला की बोलू. लई भरून आलं तर आईला उठवीन."

तेवढ्यात फोन वाजला. शिवानी उचलंना म्हणून गेनबाच असणार. म्या उठले.

वैष्णवी ताटावरून उठली न्हाई.