खालच्या ओळीचं माप

"अरे, ये की आत! तुझ्यासाठीच बांधलंय ना, की माझ्या बापासाठी?"

थुआन गुडघ्यांवर बसून फळ्यांवर थापा मारत होता. वेन मात्र अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, सुपारीच्या झाडाखाली शेपूट पायांत घालून उभा. घर कसं नवंकोरं होतं! बकाणनिंबाच्या फळ्या, वर कौलं, पावसाचं पाणी शिरू नये म्हणून खाली विटा. गावातली कितीतरी माणसंसुद्धा इतक्या नीट घरात राहत नव्हती. पण कुत्र्याला ते काही पसंत नव्हतं.

त्याला हवी होती ती घरातली एकच जागा. थुआनची बायको हाओ मागच्या भातकापणीत गेली. तिचा फोटो पितरांच्या देव्हाऱ्यावर बसला आणि तिचा लाडका कुत्रा देव्हाऱ्याखाली. तोवर कुणाची तक्रार नव्हती. पण दिवेलागणीला उदबत्ती लागली, की हा फोटोकडे तोंड करून रडायला लागायचा. कुत्रं रडलं की घरातलं कुणीतरी जातं, हे कोणाला ठाऊक नाही? आणि सून दियेप पोटुशी होती. दोनदा पोट पडल्यावर आता कुठे सहावा महिना लागला होता.

पोरगी वाईट नव्हती हो. सासऱ्याशेजारी बसून तिने काकुळतीने सांगितलं होतं, "बाबा, मला फार भीती वाटते. त्याला बाहेर घर बांधा. तिथं राहिला तर मी चकार शब्द काढणार नाही. नाहीतर मग तो कुत्रीवाला..."

पुढचं तिच्यानंही बोलवेना. कुत्रीवाला मोटारसायकलच्या मागे लोखंडी पिंजरा बांधून, कर्णा लावून गावोगाव फिरायचा. त्याने नेलेली कुत्री कुठल्या हॉटेलात शिजतात, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून थुआनने हे घर जिवाच्या कराराने बांधलं होतं.

तेवढ्यात विहीणबाई आल्या, लेकीसाठी बदकाची अंडी घेऊन. अंडी दाराशी ठेवून त्या थेट कुत्र्याच्या घरापाशी गेल्या. थुआनचाच मोजायचा टेप उचलून त्यांनी त्या घराच्या दाराला लावला.

"विहीणबाई, काय बघताय?"

"बघते, सुताराच्या हातचं काम कसं असतं ते." मग त्या खदखदून हसल्या, पण हसणं काही बरं नव्हतं. "वा, व्याहीबुवा! तुम्ही तर पेटी केलीत! कुणाची हाडं भरायचीत यात?"

थुआनने टेपकडे पाहिलं. सुताराच्या टेपवर आकड्यांबरोबर शुभाशुभाच्या दोन ओळी असतात. वरची जित्यांच्या घरांसाठी, खालची मेलेल्यांच्या. लाल अक्षर चांगलं, काळं वाईट. थुआनने जन्मभर पितरांचे देव्हारे केले, नाहीतर पुरलेल्या माणसाची तिसऱ्या वर्षी उकरून काढलेली हाडं ठेवायच्या पेट्या. हे दार मापतानाही सवयीने नजर गेली ती खालच्याच ओळीवर. तिथे लाल अक्षरांत 'भरभराट' होती. वरच्या ओळीत काळ्या अक्षरांत होतं, 'घरात माणूस उणं'. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

दियेप दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मापात काय असतंय," असं म्हणायला थुआनची जीभ रेटेना. गिऱ्हाईक कधी म्हणालं, की बोटभर इकडेतिकडे चालेल, तर हाच त्याच्यावर खेकसायचा. त्याचा स्वतःचाच विश्वास होता, आता करतो काय?

"दार बदलतो," तो एवढंच म्हणाला. "उद्याच बदलतो."

दुपारी दियेपच्या पोटात कळा सुरू झाल्या. थुआनच्या मुलाने धावतपळत गाडी आणली, तिला आत निजवलं. विहीणबाई गाडीत बसताना काही बोलल्या नाहीत, नुसतं थुआनकडे बघितलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

थुआन रिकाम्या अंगणात उभा राहिला. तिसऱ्यांदा? आणि माझ्या हातून? तेवढ्यात गल्लीत कर्णा वाजला. त्यानेच कुत्रीवाल्याला हाक मारली.

वेन काही सापडेना. कुत्रीवाला फास घेऊन घरामागच्या तळ्याभोवती धावून धावून दमला.

"काका, तुमच्याच्यानं होत असेल तर बघा. मला अजून बाकीची गावं पडलीत."

थुआन पुन्हा गुडघ्यांवर आला. कंबरेपर्यंत त्या घरात शिरला आणि आतून म्हणाला, "ये रे राजा. बघ, मी आहे इथं."

आणि वेन आला! इतके दिवस त्या घराकडे फिरकला नव्हता, तो त्याच्या कुशीला घासत आत शिरला आणि त्याचा कान चाटायला लागला. थुआन हळूहळू मागे सरकत बाहेर आला. दाराशी कुत्रीवाला फास धरून उभाच होता.

पिंजऱ्यात वेन ओरडला नाही. आता पुढे काय करायचं ते थुआन सांगेल, अशा भरवशाने बघत राहिला. मोटारसायकल वळली तरी बघतच होता.

उन्हं कलायच्या आत गाडी परत आली. दियेप आपल्या पायांनी उतरली, वर हसत होती.

"बाबा, काही नाही झालं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गॅस धरला होता. बाळ नुसत्या लाथा मारतंय!"

थुआनला खरोखरच आनंद झाला. डोळे भरून आले, त्याने बाहीने पुसले. "देवाची कृपा गं पोरी," तो म्हणाला.

ती आत गेली आणि उरलासुरला भात ताटलीत घेऊन बाहेर आली. "आईचं मनाला लावून घेऊ नका. मीसुद्धा उगाच घाबरले. ते दार तेवढं बदला, मग राहू दे त्याला. वेन! वेन, ये!"

"हाक मारू नकोस," थुआन म्हणाला. "मी कुत्रीवाल्याला दिला त्याला."

दियेपला क्षणभर कळलंच नाही. मग तिने गल्लीकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"पण बाबा... तो तर तुमच्याशिवाय कुणाच्या हाताला लागत नव्हता."

"हो ना," थुआन म्हणाला. "म्हणून तर लागला."

ताटली खाली ठेवायला ती वाकू लागली. या दिवसांत तिने वाकायला नको होतं. थुआनने तिच्या हातातून ताटली काढून घेतली आणि ती धरून अंगणात तसाच उभा राहिला.