लाल शाईचा खुलासा

(वकीलबाई म्हणाल्या, "सर, जे घडलं ते मुद्देसूद लिहून आणा. क्रमांक घालून. विशेषणं नकोत, विनोद तर नकोतच." त्याप्रमाणे लिहिलं. कंसातले शेरे त्यांचे.)

१. मी या महाविद्यालयात सत्तावीस वर्षं तर्कशास्त्र शिकवतो. विभागात मी एकटाच आहे, त्यामुळे विभागाच्या बैठका वेळेवर सुरू होतात. निर्णय मात्र एकमताने होतातच असं नाही.
(पहिलं वाक्य पुरे.)

२. गेल्या उन्हाळ्यात संस्थेने ठराव केला की या वर्षअखेर महाविद्यालय बंद करायचं. कारणं दोन दिली: मुलं येत नाहीत, आणि इमारत धोकादायक आहे. ठराव सूचनाफलकावर लावला होता. तो वाचायला आम्ही चौदा शिक्षक त्याच इमारतीच्या जिन्यात दाटीवाटीने उभे होतो.

३. आम्ही कोर्टात जायचं ठरवलं. हे ठरवायला सात बैठका लागल्या. याचिकेचा मसुदा वकीलबाईंनी एका दुपारी केला आणि आम्ही तो पाच आठवडे तपासला. इतिहासाच्या सरांना सुरुवात संस्थापकांच्या बालपणापासून हवी होती. भाषेच्या सरांनी एकशे बारा स्वल्पविराम घातले, आणि दुसऱ्या वाचनात त्यातले नव्वद स्वतःच काढले.
(सर!)

४. याचिकेतलं "आमचे वर्ग भरलेले असतात" हे वाक्य माझं. तेव्हा संख्याशास्त्राच्या बाईंनी, ज्या आमच्यात वयाने सगळ्यात लहान आहेत, विचारलं होतं, "भरलेले म्हणजे किती, सर?"
"म्हणजे रिकामे नसतात."
"हे असंच तुम्ही मुलांना शिकवता?"
मी म्हणालो, "मुलांना याहून वाईट शिकवतो." सगळे हसले आणि वाक्य राहिलं.
(हे कोर्टात जाणार नाही. काढते.)

५. संस्थेचे सध्याचे सचिव माझे विद्यार्थी. वीस वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर बसायचे, तेही स्वखुशीने नव्हे, चष्मा जाड होता म्हणून. आमच्या याचिकेला संस्थेचं उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं. माझी चूक समजायला एवढी माहिती आवश्यक आहे.

६. उत्तराच्या दोन प्रती संस्थेच्या शिपायाने माझ्या हातात दिल्या. "एक तुमची. दुसरीवर सही करून द्या, पोच म्हणून. मी चहा घेऊन येतो." बाकीचे सगळे तासावर होते. खिशात लाल पेन होतं. ते नेहमीच असतं. लग्नातही होतं, फोटोत दिसतं.

७. मी उत्तर वाचायला बसलो. नुसतं वाचायचं असं ठरवून. चौथ्या परिच्छेदाला टोपण निघालं. तिथे एकाच वाक्यात तीन कर्ते होते आणि क्रियापद एकालाही पुरत नव्हतं. ते वाक्य मी तोडून दिलं. सहाव्यात लिहिलं, "हे आणि पाचवं एकच. पाल्हाळ." नवव्यात विधान होतं, "तर्कशास्त्राच्या वर्गात सरासरी नऊ विद्यार्थी उपस्थित असतात." ते खरं होतं. समोर बरोबरची खूण केली. चौदावा परिच्छेद म्हणत होता की इमारत धोकादायक असल्याचे सर्वश्रुत आहे. तिथे मी दोन रेघा मारून लिहिलं, "अरे, कशावरून? पुरावा जोड." शेवटी शेरा दिला: "मांडणी बरी. घाई दिसते. ४३." आणि सही केली.
(हे तुम्ही शुद्धीवर असताना केलंत? खुणेचं वाक्य काढते.)

८. शिपाई चहा घेऊन आला. मी कोरी प्रत कपाटात ठेवली आणि तपासलेली त्याच्या हातात दिली. तपासलेला कागद ज्याने लिहिला त्याच्याकडे परत जातो. सत्तावीस वर्षं हात हेच करत आला आहे, त्याला कोणी विचारत नाही. शिपायाने सही बघितली, मान डोलावली आणि गेला.

९. घरी बायकोला सांगितलं. ती दवाखान्यात परिचारिका आहे, वाईट बातमी उभ्याने ऐकायची सवय आहे तिला. ती खाली बसली. "अहो, शत्रूचा पेपर तपासलात?"
"शत्रू कसला, विद्यार्थी आहे माझा."
"आणि पास केलात?"
(काढते.)

१०. आठवड्याभराने संस्थेने सुधारित उत्तर दाखल केलं. सगळ्या दुरुस्त्या झालेल्या. पाचवा-सहावा एकत्र केलेला, वाक्यं आटोपशीर, आणि चौदाव्याला एका अभियंत्याचा अहवाल जोडलेला, चाळीस पानी, भेगांच्या छायाचित्रांसह. शिवाय माझी लाल प्रत पुरावा म्हणून लावलेली: अर्जदार क्रमांक तीन, म्हणजे मी, यांनी नऊ विद्यार्थ्यांची बाब स्वहस्ते मान्य केली आहे. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी ते वाचलं. मग संख्याशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "अभिनंदन, सर. विद्यार्थ्याची प्रगती उल्लेखनीय आहे."

११. वकीलबाईंनी मला विचारलं, "या खुणेचा दुसरा काही अर्थ होऊ शकतो का?" मी तर्कशास्त्राचा माणूस. मला हा प्रश्न विचारणं म्हणजे मांजराला दुधाची चव विचारणं. मी जाहीर करतो की सदर लाल खूण म्हणजे "बरोबर" नव्हे, तर केवळ "वाचले". शिक्षकी पेशात मजकूर वाचला हे लक्षात राहावं म्हणून अशी खूण करण्याची पद्धत आहे.
(मांजर काढून. बाकी उत्तम. याला हात लावू नका.)

१२. वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे.

सही.

इथून पुढे क्रमांक नाहीत आणि कंसही नाहीत. हे मी कोणासाठी लिहीत नाही.

कोर्टाची खोली लहान होती, पंखा मोठा होता. न्यायाधीशबाईंनी माझी लाल प्रत उजेडात धरली, पानं उलटली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "त्रेचाळीस कशाबद्दल?"

वकीलबाईंनी माझा कोट मागून ओढला. मी तरी म्हणालो, "घाईबद्दल कापले."

"आणि ही खूण म्हणजे वाचले, असं तुम्ही शपथेवर म्हणता."

"हो."

माझ्या मागे तेरा शिक्षक एकदम श्वास सोडल्यासारखे बसले. न्यायाधीशबाई पुढचे कागद उलटत गेल्या. चाळीस पानी अहवालाच्या पहिल्या पानावर थांबल्या. मग ठराव काढला. मग परत अहवाल. "वकीलसाहेब, ठराव उन्हाळ्यातला. अहवाल तीन आठवड्यांपूर्वीचा. इमारत धोकादायक आहे हे ठराव करताना तुम्हाला कशावरून कळलं?"

संस्थेचे वकील कागद चाळू लागले. ते बराच वेळ चाळत होते. मी मनातल्या मनात त्यांना वेळ संपल्याची घंटा दिली.

स्थगिती मिळाली. महाविद्यालय बंद करायचं नाही, प्रवेश सुरू ठेवायचे. बाहेर आल्यावर इतिहासाच्या सरांनी मला मिठी मारली, ज्यांनी आठवडाभर मला चहा विचारला नव्हता. माझ्या मूर्खपणाला आता सगळे "डाव" म्हणू लागले होते. भाषेचे सर म्हणाले, "मुद्दामच पुरावा मागितलात ना? कबूल करा." मी गूढ हसलो. असं हसता येतं हे मला त्याच दिवशी कळलं.

जिन्यापाशी सचिव उभे होते, एकटे. चष्मा अजून जाडच होता.

"सर, अभिनंदन."

"तारीख तरी बघायचीस," मी म्हणालो. जिंकलेला माणूस उदार होतो.

"बघितली होती ना. अभियंता म्हणाला, मागची तारीख घालून देतो. मीच नको म्हटलं." त्याने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "तुम्ही पुरावा मागितला होता, सर. कागद नव्हता मागितला."

मी विचारलं, "घरी कसे आहेत सगळे?"

"बरे आहेत. एक विचारू? ती खूण... म्हणजे वाचले?"

मी जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिलो.

"नाही, आमच्याही पेपरांवर असायच्या. मी मोजायचो. त्या पण नुसत्या वाचल्याच्याच होत्या का, एवढंच." तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच हवं होतं उत्तर. तो पहिल्या बाकावरही असाच विचारायचा, तास संपायला दोन मिनिटं असताना.

तो गेला. मी परत वर गेलो. वकीलबाई पेटीत कागद भरत होत्या, संख्याशास्त्राच्या बाई त्यांना मदत करत होत्या.

"कलम अकरा मागे घ्यायचंय," मी म्हणालो.

"सर, आपण जिंकलोय."

"हो."

"मग घरी जा. जेवा. झोपा."

"ते खोटं आहे."

"ते मलाही माहीत आहे, कोर्टालाही माहीत असेल. पण तुम्ही मागे घेतलंत की मुलं नाहीत हा त्यांचा मुद्दा जिवंत होतो. स्थगिती जाऊ शकते."

संख्याशास्त्राच्या बाईंनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. "सर, तुमची नोकरी किती राहिली?"

"तीन वर्षं."

"माझी सव्वीस." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. "माझ्या मुलीची शाळा इथे. माझी आई इथे. या गावात संख्याशास्त्र दुसरीकडे कुठे आहे सांगा."

"कुठेच नाही."

"मग?"

माझ्याकडे सत्तावीस वर्षांचं तर्कशास्त्र होतं आणि एक वाक्य नव्हतं. मी म्हणालो, "त्याने मागची तारीख घातली नाही, हो." हे काही उत्तर नव्हतं. मी परीक्षक असतो तर शून्य दिलं असतं.

बाई खिडकीशी गेल्या. खाली गाड्या लावायच्या जागेत आमचे बारा शिक्षक एकमेकांना पेढे वाटत होते.

"नऊ नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमच्या वर्गाची सरासरी. मी काढली होती, याचिकेच्या वेळी. आठ पूर्णांक सात. लिहायचंच असेल तर नीट लिहा."

वकीलबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, पेटी उघडली आणि कोरा कागद काढला. "मी फौजदारी करायला हवी होती," त्या म्हणाल्या. "तिथे अशील गुन्हा तरी नाकारतात."

पुढच्या तारखेला न्यायाधीशबाईंनी माझा नवा खुलासा वाचला. दोन ओळींचा होता, शेरा मारायला जागाच नव्हती. पहिल्या खुलाशाबद्दल मला इतकं सुनावलं, की सत्तावीस वर्षांत मी कोणत्याही विद्यार्थ्याला तेवढं सुनावलं नसेल. स्थगिती राहिली, पण कापून. जी मुलं आज शिकत आहेत ती पदवी घेईपर्यंत महाविद्यालय चालेल. नवे प्रवेश बंद.

म्हणजे तीन वर्षं. नेमकी माझी. हे माझ्या आधी इतिहासाच्या सरांच्या लक्षात आलं. "डाव" हा शब्द पुन्हा वापरात आला, आता वेगळ्या सुरात. भाषेचे सर मला "निवृत्तिनियोजन" म्हणू लागले. मी खुर्ची बदलून खोलीच्या कोपऱ्यात गेलो, जिथून नळ दिसतो.

बाई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी माझा तास सुरू व्हायच्या आधी त्या वर्गाच्या दारात आल्या. आत मुलं बसत होती. बाईंनी सवयीने नजर फिरवून मोजली, आणि हातातला अर्ज माझ्यापुढे धरला. दोन तासांच्या अंतरावरच्या एका महाविद्यालयाचा.

"शिफारसपत्र लागेल. ज्येष्ठ सहकाऱ्याचं."

"मी लिहू? माझी सही सध्या..."

"तुमच्याशिवाय कोणाचं खरं वाटणार आहे आता?" त्या म्हणाल्या. मग जाताना वळल्या. "खरं तेच लिहा. पण सर, जरा बरं लिहा."