जेवणानंतरच्या खुर्च्या

आमच्या सात शेजारी देशांच्या संघटनेला भांडणं मिटवता येत नाहीत, असं सगळे म्हणायचे. खोटं कशाला बोलू, खरंच येत नव्हती. कुठे ठिणगी पडली की बाहेरून तज्ज्ञ यायचे, गोड गोड बोलायचे आणि विमान पकडायचे. शेवटी आम्हीच मध्यस्थीचे वर्ग सुरू केले. शिकवायला मी. माझा नियम एकच, पण कडक: जेवण झालं की खुर्च्या बदलायच्या आणि समोरच्याची बाजू मांडायची. आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. पुढे इतकी गोडी लागली की जेवण भराभर उरकू लागले.

मग खरंखुरं भांडण आलं. दोन देशांमधल्या नदीवरची फेरीबोट कित्येक महिने बंद होती. मध्यस्थ म्हणून पहिल्यांदाच घरचं माणूस बसणार होतं, म्हणजे मीच. एका बाजूने कर्नल, दुसऱ्या बाजूने बंदर खात्याच्या इंजिनियरबाई. दोघंही माझ्याच वर्गातले.

कर्नलची एकुलती एक लेक पलीकडच्या काठावर दिलेली. तिचे दिवस भरत आलेले. बाप मात्र इकडे अडकलेला, आणि बोट अडवून धरली होती त्याच्याच सरकारने. आधी दोन्ही देशांनी मिळून प्रवाशांची तपासणी, तरच बोट, असा त्या सरकारचा हेका. बाईंचं सरकार म्हणे, आमच्या धक्क्यावर तुमचा शिपाई नको. सकाळभर कर्नलनी सरकारी वाक्यं घडाघडा म्हटली. मला त्यांची दया येत होती आणि रागही.

जेवणानंतर कर्नल हात पुसत आले आणि सवयीने थेट बाईंच्या खुर्चीत बसले. बाई फोनवर बोलत आल्या, उरलेल्या खुर्चीत टेकल्या. हा काही वर्ग नव्हता, पण मी कोणाला उठवलं नाही.

"आमच्या काठावर सुना आहेत," कर्नल म्हणाले. "त्यांची आईबापं नदीपलीकडे. पोरगी बाळंत होईल, आणि बापाने काय दुर्बिणीतून बघायचं?"

"पटतंय हो," बाई तावातावाने म्हणाल्या, "पण बोटीतून कोण उतरतंय हे आम्हाला नको कळायला? दोन्ही धक्क्यांवर दोघांची माणसं उभी करा, मग आमची काय हरकत?"

बोलून झालं आणि त्यांनी जीभ चावली. कर्नल ताडकन उठले, कानापर्यंत लाल.

"माफ करा, खुर्ची चुकली."

"बसा हो कर्नल," बाई हसल्या. "मी बोलले ते बोलले. तपासणीचं आमच्या साहेबांना मी समजावते. इथून बघितलं तर तुमचंही खरंच आहे."

तपासणी मान्य झाली तर बोट सोडायची मुभा कर्नलना होती. मी हळूच विचारलं, "मग इतिवृत्तात बोट सुरू करायची मागणी कोणाच्या नावावर घालू?"

कर्नल माझ्याकडे वळले.

"पोरीच्या बापाच्या नावावर नाही घालता येणार ना, मॅडम?"

"नाही."

"मग बाईंच्या नावावर घाला," ते म्हणाले. "मी हो म्हणतो."