पडद्यावरचे चार ठिपके

सकाळी काळ्या पडद्यावर जळाल्याचे चार ठिपके दिसले.

आमच्या प्रयोगशाळेत तांब्याच्या चकतीवर लेसरचा झोत मारतात. तांबं क्षणात उडतं, ठिणगी पडते, आणि तिचा प्रकाश कोणत्या दिशेने कंप पावतो ते आम्ही मोजतो. झोताच्या वाटेत एक स्फटिक असतो. दर मापाला तो दहा अंश फिरवायचा. नको असलेला प्रकाश तो बाजूच्या झरोक्यातून बाहेर टाकतो, म्हणून झरोक्यावर झाकण असतं. काल मी ते पुसायला काढलं आणि परत बसवायला विसरलो. "आधी झाकण, मग बटण" म्हणून वीस वर्षं पोरांचं डोकं खाणारा मी!

हा झोत डोळ्यांना दिसत नाही, हीच खरी मेख. स्फटिक फिरेल तसा तो उघड्या झरोक्यातून निसटून समोरच्या पडद्यावर वर वर सरकला होता, दर मापाला एक ठिपका जाळत. शून्याचा ठिपका होता. दहाचा होता. तिसाचा, चाळिसाचा होता. विसाचा नव्हता.

म्हणजे विसाच्या वेळी मध्ये कोणीतरी उभं होतं. मी पट्टी आणली. रिकामी जागा बरोबर माझ्या हनुवटीच्या उंचीवर आली. माझ्या हनुवटीपाशी तायडीचे डोळे येतात.

तायडी माझी थोरली बहीण. शेजारच्या खोलीत चकत्या घासून आरशासारख्या करते. भिंगातून ती असे ओरखडे शोधते की दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत. त्या नजरेवरच तिची नोकरी आहे. दारावरचा लाल दिवा तिने कधी जुमानलाय? काल मापं चालू असतानाच आली, चकती ठेवली, डोळा चोळत "केवढा लखलखाट रे!" म्हणाली आणि गेली. मी हसलो होतो. संरक्षक चष्मा माझ्या डोळ्यांवर होता, तिच्या नव्हता.

मी धावतच तिच्या खोलीत गेलो. ती खिडकीशी बसून भिंग पुसत होती.

"तायडे, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? तुझंच तोंड का असं उतरलंय?"

माझा जीव भांड्यात पडला. रडूच येणार होतं, म्हणून "काही नाही, सहज" म्हणत मागे वळलो.

"अरे, निघालास कुठे? हे भिंग बघून जा. कालपासून मधोमध काळा डाग पडलाय मेला. पुसून पुसून हात दुखले, पण जाईल तर शपथ."

मी भिंग घेतलं. उजेडात धरलं, उलटसुलट फिरवून पाहिलं. काच लख्ख होती.

"दिसला ना डाग?" तिने विचारलं.

मला तिच्याकडे बघवेना. मी खिशातून रुमाल काढला आणि ती काच पुसत राहिलो.