आबांचं विमानतळ

"हा मांडव कुणी घातला रे? हेलिकॉप्टरचं लग्न लावताय काय?"

सयाजीआबा काठी उगारून राबाच्या शेतात शिरले, तेव्हा आमचे सरपंच दीपकभाऊ पताका बांधत होते. मी चार माणसांकरवी सलोनीला खाटेवरून घेऊन नुकतीच पोचले होते. मी वाडीची आशाताई, अक्षदा. सलोनीला आठवा महिना, आणि पहाटेपासून तिच्या अंगावरून रक्त जात होतं. पोलादपूरचा रस्ता परवा सुरुंगाच्या हादऱ्याने दरड खाली आल्यापासून बंद. डोलीने न्यायचं तर तीन तास, आणि तेवढा वेळ पोरीकडे नव्हता. सकाळपासून मी फोनवर इतक्या जणांशी भांडले की शेवटी जिल्ह्याहून उत्तर आलं, हेलिकॉप्टर निघतंय, चाळीस मिनिटांत पोचेल, सपाट जागा तयार ठेवा.

सपाट म्हटल्यावर गावाने राबाचं शेत धरलं. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून दोनच दिवसांपूर्वी भाजलेली जमीन, घोटाभर मऊ राख. त्यावर चुन्याचा हा मोठा गोल, कडेला मांडव, आणि आरतीचं ताट नि नारळ घेऊन उभी सलोनीची सासू बनुबाई. वाडीत पहिल्यांदा विमान येणार, मग त्याला ओवाळायला नको?

"अरे, पंखा फिरला की ही राख आभाळभर होईल," आबा ओरडले. "पायलटला काय दिसणार? आणि तुझा मांडव जाईल पंख्यात!"

"मग उतरवायचं कुठं, आबा? दुसरी सपाट जागा हाय कुठं?"

आबांनी मान वळवून आपल्या घराकडे पाहिलं. जागा होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती.

आबा हवाई दलात पायलट होते. एकाहत्तरच्या युद्धात त्यांनी हेलिकॉप्टरमधून जखमी जवान आणले. किती, ते कधी सांगत नाहीत. नोकरी संपल्यावर गावी आले आणि पंधरा वर्षं सरपंच राहिले. नळाचं पाणी, शाळा, तो मेला कच्चा रस्ता, सगळं त्यांनी चपला झिजवून आणलंय. पण रस्ता व्हायच्या आदल्या वर्षीच त्यांच्या बायकोच्या, तुळसाकाकींच्या छातीत कळ आली. डोली नदीपर्यंत पोचली आणि काकी गेल्या.

त्यानंतर आबांनी घरासमोरचं खाचर नांगरलंच नाही. दगड वेचले, गवत राखलं, उन्हाळ्यात पाणी शिंपलं. वाडी हसायची, आबांचं विमानतळ म्हणायची. खोटं कशाला बोलू, मीही हसायचे.

"उचला खाट," आबा म्हणाले. "माझ्या खाचरात चला."

आम्ही धावलोच. आबांनी मूठभर सुकं गवत वर उडवलं आणि ते कुठे जातंय ते पाहिलं. "वारा डोंगरावरून येतोय. म्हणजे हेलिकॉप्टर दरीकडून येणार, या टोकाने. हैबती, तुझा कटर आण. फणस पाडायचाय."

सगळे जागच्या जागी थबकले. खाचराच्या टोकाला, ओटीच्या अगदी समोर, काकींनी लावलेला फणस. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लगडलेला.

हैबती लाकडं कापायचा कटर घेऊन आला, पण त्याचा हात उठेना. "आबा, फळता झाड हाय. काकीच्या हातचा. नारळ तरी ठेवूया आधी, झाडाची परवानगी नको घ्यायला?"

"नारळ मागाहून! चालव आधी!" आबा गरजले, आणि मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "दहा वर्षं मला कळत होतं रे. हे उभं असेपर्यंत इथं काही उतरणार नाही. रोज सकाळी ठरवायचो."

माझे डोळे भरून आले. पण सलोनीची नाडी माझ्या बोटांखाली होती, आणि ती जलद नि बारीक होत चालली होती.

कटर कडकडला. झाड कलतंय कलतंय म्हणेपर्यंत धाडकन दरीच्या बाजूला आडवं झालं. फणस गडगडत बांधापर्यंत गेले. अख्खी वाडी फांद्या ओढायला तुटून पडली. आबांनी कोपऱ्यात जाळ करून त्यावर ओला पाला टाकायला लावला. "धुरावरून त्याला वारा कळेल. पदर खोचा! टोप्या काढा! बनुबाई, ते ताट घरात ठेव गो!"

आणि घरघर ऐकू आली.

"आला! आला रे आला!"

आबांनी काठी फेकून दिली. वाऱ्याकडे पाठ करून दोन्ही हात वर ताणून उभे राहिले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पण हात खांबासारखे ताठ. ते धूड दरीतून वर आलं, तोडलेल्या फणसावरून सरकलं आणि आबांच्या हातांच्या इशाऱ्याबरहुकूम गवतावर टेकलं. आम्ही वाकून खाट नेली, सलोनीला आत घेतलं. आत बसलेल्या तरुण पायलटने आबांकडे नीट पाहिलं आणि कडक सलाम ठोकला. आबांनीही ठोकला. मिनिटभरात हेलिकॉप्टर महाडच्या दिशेने गेलंसुद्धा.

साडेतीनला मला फोन आला. मुलगी! दोघी सुखरूप! मी तो निरोप असा किंचाळून सांगितला की खालच्या आळीतली माणसं वर धावत आली. हेलिकॉप्टरच्या स्वागताला आणलेले फटाके पोरांनी तिथेच लावले. बनुबाई हसत होती की रडत होती, तिचं तिला ठाऊक.

आबा तिच्याकडे गेले, ताटातला नारळ मागून घेतला आणि फणसाच्या बुंध्यावर फोडला. पाणी बुंध्यावरच ओतलं. मग वेचलेले फणस घरटी एक वाटायला सांगितलं.

चार वाजता आबा ओटीवर खुर्ची टाकून बसले. त्या ओटीवर या वेळी कधी ऊन येत नसे. आज ते थेट त्यांच्या तोंडावर आलं होतं.

"आबा, खुर्ची आत घेऊ?" मी विचारलं.

"राहू दे गो," ते म्हणाले, आणि कपाळावर हात आडवा धरून समोर बघत बसले.